व्हीपीएन जोडला जात नाही? अँटिव्हायरस नेमका कुठे आडवा येतो ते शोधून वाट कशी मोकळी करायची

व्हीपीएन म्हणजे आपल्या संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंतचा, डेटा गुप्त ठेवणारा बोगदा. अँटिव्हायरस बंद केला की व्हीपीएन चालतो, चालू केला की अडतो. एवढं लक्षात आलं की बरेच जण अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवतात, नाहीतर काढूनच टाकतात. तशी काही गरज नसते. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या पोटात चार-पाच वेगवेगळे भाग असतात आणि व्हीपीएनला अडवणारा त्यातला सहसा एकच असतो. तो हुडकायचा आणि त्याला आपल्या व्हीपीएनपुरतीच सूट द्यायची. शांतपणे केलं तर तासाभराचं काम आहे.

पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. फोन आणि मॅकबद्दल शेवटी लिहिलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, त्या संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. अँटिव्हायरसच्या मेनूतली नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, म्हणून नावापेक्षा तो भाग काय काम करतो हे ध्यानात ठेवा.

आधी खात्री: दोष खरंच अँटिव्हायरसचा आहे का?

तीन गोष्टी तपासा.

पहिली: तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून व्हीपीएन लावा. हॉटस्पॉटवर चालला आणि घरच्या वायफायवर नाही, तर संशय राउटरवर किंवा ब्रॉडबँड कंपनीवर घ्या. इथे एक मेख आहे. नेटवर्क बदललं की विंडोज ते ‘पब्लिक’ समजतं की ‘प्रायव्हेट’, यावर फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळणाऱ्या भागाचे, नियम बदलतात. म्हणून दोन्ही ठिकाणी सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट या वाटेने जाऊन प्रोफाइल एकच ठेवा, मगच तुलना करा.

दुसरी: घरच्याच वायफायवर दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून तेच खातं वापरून बघा. तिथे चाललं तर सर्व्हर, खातं आणि राउटर तिन्ही ठीक आहेत. गोची तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे.

तिसरी: अडचण कोणत्या दिवशी सुरू झाली ते आठवा आणि विंडोज अपडेटच्या इतिहासाशी ताडून बघा. जानेवारी २०२२ मधल्या विंडोज अपडेटने एलटूटीपी प्रकारचे व्हीपीएन बंद पाडले होते, आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला वेगळं तातडीचं अपडेट काढावं लागलं. एप्रिल २०२४ च्या अपडेटनंतरही व्हीपीएन तुटले. ते मे महिन्याच्या अपडेटने दुरुस्त झाले. अशा वेळी अँटिव्हायरसची सेटिंग्ज उलटीपालटी करणं म्हणजे दुखणं डोक्याला आणि पट्टी गुडघ्याला. आधी विंडोज अद्ययावत करा.

कोणत्या टप्प्यावर अडतंय?

व्हीपीएनचा प्रवास ढोबळ मानाने चार टप्प्यांचा: सर्व्हरचा पत्ता सापडणं, सर्व्हरपर्यंत पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पोहोचणं, सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) आणि पासवर्डची ओळखपरेड, आणि शेवटी आभासी नेटवर्क कार्ड उभं राहून त्यातून डेटा वाहणं. त्रुटीचा आकडा किंवा लॉगमधली ओळ हा टप्पा सांगते, त्यामुळे ‘फेल्ड’ एवढंच वाचून खिडकी बंद करू नका.

विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनमध्ये ८६८ आलं तर सर्व्हरचं नावच सापडलेलं नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा) बघा. ८०९ म्हणजे सर्व्हरकडून उत्तर नाही. फायरवॉल अडवत असण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. ७८९ म्हणजे एलटूटीपीच्या सुरुवातीच्या सुरक्षा वाटाघाटीतच गाडी अडली. ८०६ जुन्या पीपीटीपीचा आकडा. त्यात जीआरई प्रकारची पॅकेट अडवली जातात. हा प्रकार आज असुरक्षित मानला जातो, तेव्हा त्याची वाट मोकळी करण्यापेक्षा प्रकारच बदला. १३८०१ म्हणजे आयकेईव्ही२ प्रकारच्या व्हीपीएनला सर्टिफिकेट पटलं नाही. ६९१ आलं तर अँटिव्हायरसला दोष देऊ नका, युजरनेम किंवा पासवर्ड चुकला आहे.

ओपनव्हीपीएन, वायरगार्ड आणि फोर्टीक्लायंट ही वेगळी बसवायची व्हीपीएन सॉफ्टवेअर. ओपनव्हीपीएनच्या लॉगमध्ये ‘टीएलएस की निगोशिएशन फेल्ड’ (टीएलएस म्हणजे जोडणीतला डेटा गुप्त करण्याची पद्धत) आणि ६० सेकंदांचा उल्लेख असेल तर पॅकेट जात नाहीत किंवा परत येत नाहीत. वायरगार्डमध्ये ‘हँडशेक डिड नॉट कम्प्लीट’ अशी ओळ दर पाच सेकंदांनी उमटत राहते, अर्थ तोच. फोर्टीक्लायंट ४० टक्क्यांवर थांबला तर सहसा टीएलएस किंवा सर्टिफिकेट, आणि ९८ टक्क्यांवर थांबला तर आभासी नेटवर्क कार्ड.

अँटिव्हायरसला ‘पॉज’ करून चाचणी घेताना

ही चाचणी बहुतेक जण अर्धवट करतात. ‘१० मिनिटं संरक्षण थांबवा’ असं बटण दाबलं की बऱ्याचदा फाइल तपासणीच थांबते. फायरवॉल वेगळ्या बटणाने बंद करावी लागते. आणि दोन्ही बंद केले तरी नेटवर्कमध्ये बसलेला ड्रायव्हर मेमरीत तसाच राहतो. त्यामुळे पॉज केल्यावर व्हीपीएन चालला तर दोषी सापडला, पण चालला नाही म्हणून अँटिव्हायरस निर्दोष ठरत नाही.

चाचणीआधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, उघडे ब्राउझर बंद करा, आणि एका वेळी एकच भाग बंद करा, या क्रमाने: फायरवॉल, मग वेब संरक्षण, मग एन्क्रिप्टेड म्हणजे एचटीटीपीएस तपासणी, मग नेटवर्क हल्ला संरक्षण. प्रत्येक वेळी व्हीपीएन पूर्ण तोडून पुन्हा जोडा. चारही एकदम बंद केले तर व्हीपीएन चालेल, पण कोणामुळे अडत होता ते कळणार नाही.

ड्रायव्हर तपासण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणं दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ उघडा. वायफाय किंवा इथरनेट कार्डावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. यादीत अँटिव्हायरसच्या किंवा जुन्या व्हीपीएनच्या नावाचा फिल्टर दिसला तर त्याची खूण तात्पुरती काढा आणि जोडून बघा. व्हीपीएनच्या आभासी कार्डावरही हेच करा. सगळेच अँटिव्हायरस इथे दिसत नाहीत. अनेक जण विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म नावाच्या अंतर्गत यंत्रणेतून काम करतात. त्यांचा माग कसा काढायचा ते पुढे येतं.

फायरवॉलमध्ये सूट द्यायची कशी

विंडोजची स्वतःची फायरवॉल बाहेर जाणारं कनेक्शन मुळात अडवतच नाही, आणि आपण सुरू केलेल्या कनेक्शनचं उत्तरही आत येऊ देते. त्यामुळे कोणी मुद्दाम नियम घातला नसेल तर ती क्वचितच दोषी असते. अडवते ती अँटिव्हायरससोबत आलेली दुसरी फायरवॉल, विशेषतः ‘इंटरॅक्टिव्ह’ किंवा ‘कडक’ पद्धतीवर असताना. कधीतरी खिडकी येऊन परवानगी विचारली गेली, घाईत ‘डिनाय’ दाबलं गेलं आणि तो नियम कायमचा बसला, असं फार वेळा घडलेलं असतं. म्हणून नवा नियम घालण्याआधी जुना नकाराचा नियम शोधून काढून टाका. नॉर्टनमध्ये तो स्मार्ट फायरवॉलच्या प्रोग्राम कंट्रोलमध्ये सापडतो, मॅकॅफीत प्रोग्रामच्या इंटरनेट जोडणीच्या यादीत, आणि ईसेटमध्ये ट्रबलशूटिंग विझार्ड अलीकडे काय काय अडवलं ते थेट दाखवतो. पुण्याच्या क्विक हीलमध्ये फायरवॉल प्रोटेक्शनच्या सेटिंगमधून सुरुवात करा.

सूट प्रोग्रामला द्या. पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचा क्रमांकाचा दरवाजा, सगळ्यांसाठी उघडा टाकू नका. आणि इथेच मोठी चूक होते: पडद्यावर दिसणारी खिडकी एक प्रोग्राम असते, प्रत्यक्ष बोगदा बांधणारा दुसराच. ओपनव्हीपीएनमध्ये जीयूआय, म्हणजे दिसणारी खिडकी, वेगळा आणि त्याच फोल्डरमधला मूळ ओपनव्हीपीएन प्रोग्राम वेगळा. नियम दुसऱ्याला हवा. सिस्को एनीकनेक्टमध्ये व्हीपीएन एजंट नावाची सेवा काम करते, ग्लोबलप्रोटेक्टमध्ये पॅन-जीपीएस. शॉर्टकटला परवानगी देऊन ‘तरीही चालत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं.

नियम आणखी घट्ट करायचा असेल तर पोर्ट असे आहेत (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती). ओपनव्हीपीएन: यूडीपी ११९४, किंवा सर्व्हरवर तशी सोय केलेली असेल तर टीसीपी ४४३. वायरगार्ड: यूडीपी ५१८२०, पण सर्व्हरवाल्याने बदललेलं असू शकतं, कॉन्फिग फाइलमधल्या ‘एंडपॉइंट’ ओळीत बघा. आयकेईव्ही२: यूडीपी ५०० आणि ४५००. एलटूटीपी: याच दोन्हींसोबत १७०१. एसएसटीपी: टीसीपी ४४३. एनीकनेक्ट: ४४३, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. ग्लोबलप्रोटेक्ट: टीसीपी ४४३ आणि यूडीपी ४५०१. शेवटच्या दोघांत यूडीपी अडलं तरी कनेक्शन टीसीपीवरून चालू राहतं, पण व्हिडिओ कॉल अडखळतात. ‘व्हीपीएन लागतो पण मंद आहे’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट नेटकनेक्शन’ कमांडने पोर्ट तपासता येतो, पण फक्त टीसीपी. यूडीपी ११९४ साठी ती वापरून ‘फेल’ आलं म्हणून पोर्ट बंद आहे असा निष्कर्ष काढू नका.

अंगभूत व्हीपीएनवर ७८९ किंवा ८०९ येत असेल तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘आयकेई अँड ऑथआयपी आयपीसेक कीइंग मॉड्यूल्स’ ही सेवा चालू आहे का तेही पाहा. आयपीसेक, म्हणजे एलटूटीपी आणि आयकेईव्ही२ ज्यावर चालतात ती सुरक्षा-पद्धत, वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने ती सेवा बंद करून ठेवलेली असू शकते. तिच्यासोबत ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ आणि ‘रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर’ याही चालू हव्यात.

एचटीटीपीएस तपासणी: सर्टिफिकेट मध्येच बदलतं

एन्क्रिप्टेड वाहतूक तपासण्यासाठी अँटिव्हायरस स्वतःचं मूळ सर्टिफिकेट विंडोजमध्ये बसवतो, तुमच्या आणि सर्व्हरच्या मध्ये उभा राहतो, डेटा उघडून बघतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. ब्राउझरला हे चालतं. टीसीपी ४४३ वरून चालणाऱ्या व्हीपीएनला, म्हणजे एसएसटीपी किंवा फोर्टीक्लायंटच्या एसएसएल प्रकाराला, ते चालेलच असं नाही, कारण त्याला सर्व्हरचं खरं सर्टिफिकेट हवं असतं.

ओळखायला सोपं आहे. ब्राउझरमध्ये व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता उघडा, कुलपाच्या किंवा साइट-माहितीच्या चिन्हावरून सर्टिफिकेट बघा. ‘इश्यूड बाय’ समोर तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर तपासणी मध्ये बसली आहे. उपाय: पूर्ण तपासणी बंद न करता सर्व्हरचं नाव अपवादाच्या यादीत घाला. कॅस्परस्कीत ‘एन्क्रिप्टेड कनेक्शन्स स्कॅनिंग’, बिटडिफेंडरमध्ये ‘एन्क्रिप्टेड वेब स्कॅन’, अव्हास्ट आणि एव्हीजीमध्ये वेब शील्डखाली ‘एचटीटीपीएस स्कॅनिंग’, ईसेटमध्ये प्रगत सेटिंगमधला ‘एसएसएल टीएलएस’ विभाग. शोधायची जागा ही. पत्ता व्हीपीएनमध्ये भरला आहे अगदी तसाच द्या. नाव वापरत असाल तर नाव, आकडी पत्ता असेल तर तो.

तासाभराने आपोआप सुरू होतो?

व्हीपीएन चालता चालता तुटतो, पुन्हा जोडायला गेलं तर अजिबात लागत नाही, आणि काही वेळाने काही न करता लागतो. हा नमुना दिसला तर नेटवर्क हल्ला संरक्षणाकडे वळा. एकाच पत्त्यावरून भराभर पॅकेट आली की हा भाग त्याला हल्लेखोर समजून काळ्या यादीत टाकतो. कॅस्परस्कीत ही बंदी मुळात ६० मिनिटांची असते. ईसेटमध्ये तात्पुरत्या काळ्या यादीची वेगळी खिडकीच आहे. तिथून सर्व्हरचा पत्ता काढा आणि अपवादात घाला. दर वेळी घड्याळ बघितलंत तर हा दोष इतर कुठल्याही दोषाआधी ओळखू येतो.

दोन-तीन मिनिटं काही न करता बसलं की तुटत असेल, तर ते वेगळं. राउटर किंवा फायरवॉल शांत यूडीपी जोडणी विसरून जाते. वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा.

जोडला जातो, पण काहीच उघडत नाही

व्हीपीएन लावून आधी आतल्या एखाद्या सर्व्हरच्या आकडी पत्त्याला पिंग (उत्तर येतं का ते बघणारी कमांड) करा, मग त्याच्या नावाला. आकड्याला उत्तर आणि नावाला नाही, तर डीएनएस अडलं. अँटिव्हायरसमधली ‘सुरक्षित डीएनएस’ किंवा खोट्या साइटपासून वाचवणारी सोय सगळ्या नावांची चौकशी स्वतःच्या सर्व्हरकडे नेते, आणि ऑफिसची अंतर्गत नावं त्या सर्व्हरला ठाऊक नसतात. ती सोय बंद करा. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ही हेच करतं, तेही बघा.

आकड्यालाही उत्तर नाही, तर फायरवॉल आभासी कार्डाला अनोळखी जाळं समजते आहे. तिच्या नेटवर्कच्या यादीत ते कार्ड शोधून ‘ट्रस्टेड’ करा. हे ऑफिसच्या किंवा स्वतःच्या सर्व्हरसाठीच करायचं. पैसे भरून किंवा फुकट घेतलेल्या सार्वजनिक व्हीपीएनचं जाळं ‘पब्लिक’च राहू द्या, पलीकडे कोण बसलं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

पिंग लागतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल किंवा रिमोट डेस्कटॉप लटकतो: हा पॅकेटच्या आकाराचा प्रश्न. मोठं पॅकेट बसत नाही असा निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप-यंत्रणेतून येतो, आणि कडक फायरवॉल तो निरोपच फेकून देते. व्हीपीएन तोडून सर्व्हरच्या पत्त्याला ‘पिंग, उणे एफ, उणे एल १४७२’ पाठवा. १४७२ आणि शीर्षकाचे २८ मिळून १५०० होतात. तुकडे करावे लागतील असा संदेश आला तर दहा-दहाने कमी करत जा. घरच्या पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) ब्रॉडबँडवर मर्यादा बहुधा १४९२, म्हणजे १४६४ ला पिंग लागेल. वायरगार्ड स्वतःसाठी १४२० धरतो. त्याच्या कॉन्फिगमधल्या ‘एमटीयू’ म्हणजे पॅकेटच्या मर्यादेच्या ओळीत १२८० लिहून बघा. लटकणं थांबलं तर निदान पक्कं, मग हळूहळू वर चढवा.

कोणीच कबूल होत नसेल तर

विंडोजलाच विचारा. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ऑडिटपोल’ कमांडने ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन’ आणि ‘फिल्टरिंग प्लॅटफॉर्म पॅकेट ड्रॉप’ या दोन्हींची अपयश-नोंद चालू करा. व्हीपीएन एकदा लावून बघा. मग इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ५१५७ आणि ५१५२ क्रमांकाच्या नोंदी शोधा. त्यात कोणता प्रोग्राम, कोणता पत्ता, कोणता पोर्ट हे असतं, आणि खाली ‘फिल्टर रन-टाइम आयडी’. आता ‘नेटएसएच डब्ल्यूएफपी शो फिल्टर्स’ चालवा. ‘फिल्टर्स डॉट एक्सएमएल’ नावाची फाइल तयार होते. नोटपॅडमध्ये उघडून तो आयडी शोधला की फिल्टर कोणाचा त्याचं नाव समोर येतं.

बऱ्याचदा ते नाव असतं कधीचाच काढून टाकलेल्या दुसऱ्या व्हीपीएनचं. त्याच्या ‘किल स्विच’ने (व्हीपीएन तुटला की इंटरनेट बंद करणाऱ्या सोयीने) घातलेले अडथळे मागे राहिलेले असतात. तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवा, किल स्विच बंद करा, मग नीट काढा. काम झालं की ऑडिटची नोंद आठवणीने बंद करा, नाहीतर लॉग काही तासांत भरतो.

जुन्या अँटिव्हायरसचे अवशेष असतील तर नेहमीचं अनइन्स्टॉल पुरत नाही. त्या त्या कंपनीचं खास साधन वापरा: अव्हास्ट क्लिअर, ईसेट अनइन्स्टॉलर, मॅकॅफीचं एमसीपीआर, कॅस्परस्कीचं केएव्हीरिमूव्हर. पहिली दोन सेफ मोडमध्ये चालवायची. लायसन्स की आधी लिहून ठेवा. त्यानंतर ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ आणि संगणक रीस्टार्ट. सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण ते सगळी कार्डं काढून नव्याने बसवतं आणि व्हीपीएन सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करावं लागू शकतं.

ओपनव्हीपीएन २.६ मध्ये नवा वेगवान ड्रायव्हर आला. तो एखाद्या अँटिव्हायरसच्या फिल्टरशी जुळत नाही असं वाटलं तर कॉन्फिगमध्ये ‘डिसेबल-डीसीओ’ ही एक ओळ घालून जुन्या पद्धतीवर तपासता येतं.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर

यातलं काहीही स्वतः बदलू नका. अनेक कंपन्यांचे व्हीपीएन आत घेण्याआधी अँटिव्हायरस चालू आहे का, त्याच्या व्हायरस ओळखायच्या याद्या ताज्या आहेत का हे तपासतात. म्हणजे चाचणीसाठी अँटिव्हायरस बंद केलात तर व्हीपीएन त्याच कारणाने नकार देईल आणि निदान उलटं होईल. लायसन्सची मुदत संपल्यावर व्हीपीएन बंद पडण्यामागेही हेच असतं. आयटी विभागाला त्रुटीचा आकडा, नेमकी वेळ, हॉटस्पॉटवरचा निकाल आणि व्हीपीएनचा लॉग एकदम पाठवा. त्यांची अर्धी विचारपूस वाचते.

फोन आणि मॅक

अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. वेब संरक्षण देणारी अनेक अँटिव्हायरस ॲप आणि जाहिराती अडवणारी ॲप फोनमध्येच एक लुटुपुटीचा व्हीपीएन उभा करतात. त्यामुळे एक लावला की दुसरा तुटतो. सेटिंग्जमधल्या व्हीपीएन यादीत कोणावर ‘ऑल्वेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा’ लावलं आहे ते बघा आणि नको असलेल्याचं काढा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क विभागात व्हीपीएनसोबत फिल्टर्सची यादी असते. अँटिव्हायरसचा फिल्टर तिथून तात्पुरता थांबवता येतो. मॅकओएस सिक्वोया १५.० वर अडलेले असाल तर आधी अद्ययावत करा. ऑक्टोबर २०२४ च्या १५.०.१ मध्ये ॲपलने बाहेरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यात सुधारणा केली.

काम झाल्यावर

थांबवलेला प्रत्येक भाग परत चालू करा आणि व्हीपीएन पुन्हा जोडून बघा. मग अँटिव्हायरस खरोखर जागा आहे का, ते ‘आयकार’च्या ६८ अक्षरांच्या निरुपद्रवी चाचणी-फाइलने तपासा, ती डाउनलोड होताच अडवली गेली पाहिजे. घातलेले अपवाद कुठेतरी लिहून ठेवा. व्हीपीएन सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती आली की फोल्डर आणि प्रोग्रामचं नाव बदलू शकतं, एनीकनेक्टचं सिक्युअर क्लायंट झालं तेव्हा तसंच झालं. तेव्हा जुना नियम नव्या प्रोग्रामला लागू होत नाही आणि यादीतली ती एक ओळ बदलावी लागते.